तांदळाच्या डब्यातली सवत

पडदा वर जातो, तेव्हा बंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका बोळातलं स्वयंपाकघर दिसतं. डावीकडे गॅस, उजवीकडे मोरी, मधोमध तांदळाचा डबा, आणि डब्यात कोपरापर्यंत हात घातलेले वादिराजअण्णा. बायको, रत्नाबाई, देवळात गेलेल्या. तांदूळ भिजत घालायचं काम अण्णांवर सोपवलेलं. माप शोधता शोधता हाताला काहीतरी मऊ लागलं. अण्णांनी ते बाहेर ओढलं. हिरव्या रबरी मुठीची सुरी! कारखान्यातली!

आता हे अण्णा कोण, ते सांगायला हवं. बाप-आज्यांपासून या घरात सुऱ्या घडतात. लॉरीच्या स्प्रिंगांचे जुने पाटे तापवून अण्णा पातं ठोकायचे, कानशीनं धार आणायचे आणि दोन्ही बाजूंना शिसवीच्या पट्ट्या पितळी रिवेटांनी जडवायचे. पॉलिश असं, की मुठीत तोंड बघून भांग पाडावा. जयनगरच्या सुगरणी रिक्षा करून यायच्या. एकदा सर्जापूर रोडवरची, नव्यानं पुण्याहून आलेली मुग्धा नावाची मुलगी म्हणाली, "अंकल, रबर ग्रिपमध्ये मिळेल का?" अण्णांनी हात लांब करून समोरचं दुकान दाखवलं. "रबर तिथे. नंबर सांगा पायाचा, चप्पल देतील."

आणि आज त्यांच्याच घरात हे!

रत्नाबाई प्रसाद घेऊन आत आल्या. अण्णा सुरी उंच धरून उभेच होते.

"माझ्या पात्याला सवत आणलीस?"

रत्नाबाईंनी प्रसाद ओट्यावर ठेवला. "अय्यो, ओरडू नका. सून झोपलीय."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून." मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली. "तुमची मूठ आरशासारखी आहे हो. ओल्या हातातनं सटकते. परवा पायावर पडता पडता राहिली. तुम्हाला कसं सांगू?"

अण्णांनी त्या बोटांकडे पाहिलं. रत्नाबाईंच्या हातात पुन्हा आपलीच सुरी आली पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं. टोपी चढवली आणि ते समोरच्या चपलांच्या दुकानात शिरले.

"तळव्याचं रबर दे. स्वल्प जाड."

"नंबर काय, अण्णा?" दुकानदारानं हसू दाबत विचारलं. रबरी मूठ मागणारी वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं अण्णांनीच तर पाठवलेली!

रबरानं अण्णांना रडवलं. लाकूड कसं, सांगितलेलं ऐकतं. रबर कानशीखाली वळवळायचं, करवतीत अडकायचं. रिवेट ठोकला तर भोकातून फाटून बाहेर यायचं. शेवटी ठरलं, रिवेट नको, नुसत्या गोंदावर चिकटवायचं.

पण मूठ बसवण्याआधी या घरात एक रीत असे. मुठीत जाणारी पात्याची जी पट्टी, तिला घरच्या लक्ष्मीनं तेलाचं बोट लावायचं आणि वर कुंकू. रत्नाबाई लग्न होऊन आल्यापासून एकही सुरी त्यावाचून पुरी झाली नव्हती. या सुरीला तर त्यांनी तेल जरा सढळच लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवरा त्यांच्यासाठी सुरी करत होता. अण्णांनी हात जोडले, गोंद थापला, दोन्ही पट्ट्या बसवून सगळं शिकंज्यात आवळलं.

रविवारी भोपळा आला. सून विद्याश्री मोबाइल धरून चित्रीकरणाला उभी. रत्नाबाईंनी सुरी उचलली, मूठ दाबून बघितली. "मऊ आहे हो!" अण्णांची छाती फुगली. सुरी भोपळ्यात खच्चकन शिरली. रत्नाबाईंनी ती मागे ओढली आणि हातात आल्या रबराच्या दोन पट्ट्या. पातं भोपळ्यात ताठ उभं, एखाद्या खलनायकाच्या पाठीत उभं असावं तसं.

विद्याश्री हसता हसता खाली बसली. "अण्णा, हे ग्रुपवर टाकू?"

"टाक! आणि गोंदवाल्याचं नावही टाक. चोर आहे तो!"

तणतणत ते खाली आपल्या दुकानात गेले आणि रबराची पट्टी दिव्याखाली धरली. गोंदाचा पापुद्रा अख्खा सुटून रबरावरच राहिला होता. आणि त्यावर लालबुंद उमटलेलं रत्नाबाईंचं बोट, रेघ न् रेघ. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला, तर तेलकट लागला. गोंद साधूच होता. तेलावर कोण चिकटणार? शिसवीला रिवेटांनी धरून ठेवलं होतं, म्हणून इतकी वर्षं कळलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी जाहीर केलं, "गोंद जुना निघाला. माझीच चूक."

दुसऱ्या दिवशी नवा गोंद, नवं रबर. रत्नाबाईंनी तेलाचं बोट लावलं, कुंकू लावलं, आणि काही त्या हलेनात.

"रत्ना, दूध उतू जातंय बघ."

"दूध तर सकाळीच तापवलं."

"मग ताक बघ!"

"ताक उतू जातं होय?" असं म्हणत त्या आत गेल्या. अण्णांनी चोरासारखा स्पिरिटचा बोळा काढला आणि पात्याची पट्टी लख्ख पुसली. अगदी शेवटच्या टोकावर, जिथे रबर पोचत नव्हतं, तिथला कुंकवाचा ठिपका मात्र राहू दिला.

पुन्हा भोपळा. अर्धा झाला, पाव झाला, फोडी झाल्या. मूठ जागची हलली नाही. दारात अण्णा श्वास धरून उभे. रत्नाबाईंनी सुरी धुतली, उलटी करून टोकावरचा ठिपका पाहिला, आणि नवऱ्याच्या हाताचा वास घेतला.

"ताकाला स्पिरिटचा वास येतो वाटतं," त्या म्हणाल्या.

अण्णा छताकडे बघू लागले. रत्नाबाईंनी तांदळाच्या डब्यातून ती हिरवी सुरी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "सरी, ठीक आहे. ही टाकून द्या आता."

अण्णा कचऱ्याच्या बादलीपर्यंत गेले. तिथे थबकले. हिरवी मूठ त्यांनी अंगठ्यानं दाबली, पुन्हा दाबली, मागे वळून कोणी बघत नाही ना ते पाहिलं. रत्नाबाई बघतच होत्या.

"मूठ बरी आहे गं हिची," अण्णा म्हणाले. "पातं तेवढं बदलून देतो, थांब."