साठ पावलांचा काठ

वर्गात फळ्यावर नदीचं वळण काढताना मी बाहेरचा काठ दोनदा पुसून काढते, आणि मुलींना वाटतं बाईंना चित्र जमत नाही. बाहेरचा काठ खचतो, आतल्या काठाला वाळू साचते, हे काम हजारो वर्षं चालतं, असं पुस्तकात आहे तसं मी सांगते. हजारो वर्षं म्हणे! आमचं घर बाघ नदीच्या बाहेरच्या काठावर आहे. पलीकडे, मध्यप्रदेशाच्या अंगाला, वाळूचा पट्टा दरवर्षी रुंद होतो आणि इकडची माती जाते.

घराच्या मागे धानाची एक बांधी, म्हणजे खाचर, तिच्यापुढे उभा कडा आणि खाली पाणी. पावसाळ्यात आईचा फोन यायचा, "चुलीवर भात मांडून राहिली की मागं धप्प वाजते. काठ पडून राहिला वं." मी घाबरून लगेच बाबांना विचारायची. ते रोज सकाळी मागच्या ओसरीच्या खांबापासून काठापर्यंत पावलं मोजायचे. पूर्वी ती शंभरावर होती. उतरत उतरत साठावर आली आणि चार-पाच वर्षं साठावरच थांबली.

"साठ," बाबा सांगायचे. "कायले भेतेस? नदी दमली आता."

साठ ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि वर मी आईवरच चिडायची, की तुला उगाच घोर लावून घ्यायची सवय आहे. मी भूगोलाची बाई! नदी दमत नाही हे मला कळू नये? पण तसं मानणं सोपं होतं.

यंदा श्रावणात घरी गेले तेव्हा वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार अशी दवंडी झाली होती. गावाच्या उंच भागात मामाच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आई म्हणत होती तिकडे चला, आणि बाबा खांबाला टेकून, "साठ म्हणजे साठ!" रागारागात मीच चिखल तुडवत मोजायला निघाले. एकेचाळीसला कडा आला. चुकले असेन म्हणून मागे येऊन पुन्हा मोजलं. एकेचाळीसच. लहानपणी बाबांच्या एका पावलाला माझी दोन लागायची. मग त्यांची साठ कशी?

"बाबा, आता तुमी मोजा."

ते निघाले, मी मागे. उचललेला पाय दुसऱ्या पायाच्या अंगठ्यापुढे जेमतेम वीतभरावरच टेकत होता. साठावं पाऊल बरोब्बर काठावर पडलं. ते खोटं बोलत नव्हते. दरवर्षी नदी जेवढी आत आली, तेवढं त्यांचं पाऊल आखूड झालं होतं, आणि आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं. मला नदीपेक्षा त्या पावलांचीच जास्त भीती वाटली.

परतताना त्यांचा हात धरून मी माझी पावलं मोठ्यानं मोजली. खांबाशी आलो तेव्हा बाबांनी मागे वळून नदीकडे पाहिलं नाही, आपल्या पायांकडे पाहत राहिले.

"बाप्पा," ते म्हणाले, "माह्या पायायनंच फसवलं मले." मग आईला हाक मारली, "भांडे बांध वं."

पोळ्यापर्यंत बांधी गेली. दसऱ्याआधी ओसरीही गेली, खांबासकट.

मामाच्या खोल्यांतून नदी दिसत नाही. आई निवांत भात मांडते. बाबांची मोजायची सवय मात्र सुटलेली नाही, सकाळी उठून खाटेपासून दारापर्यंत मोजतात. दिवाळीत अकरा पावलं होती. काल फोनवर हसून म्हणाले, "चवदा! खोली वाढून राहिली वं."

मला हसू आलं नाही. दार जागच्या जागी आहे.