डावीकडे ठेवलेला माऊस

भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात कधी कुणी सांगितल्या नाहीत आणि सांगितल्या असत्या तरी मी उठून गेले असते. माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं, डिचोली बाजारात छोटं दुकान आहे. मशीन बंद पडतं ते कारण असतं म्हणूनच पडतं, आणि ते कारण सापडतंच — वीस वर्षं याच एका गोष्टीवर माझा विश्वास आहे. त्यामुळे इथे लिहायला मला थोडी लाजच वाटतेय. पण या अनुभवात माझी स्वतःची एक वाईट खोड आहे, ती लपवून सांगितलं तर काही अर्थ राहणार नाही. तेव्हा आधी तीच सांगते.

मी आरतीवर जळते. जळायचे नाही — जळते, आजही.

आरती आणि मी म्हापशाला एकाच वर्गात हार्डवेअरचा कोर्स केला. अठ्ठावीस मुलगे आणि आम्ही दोघी. नंतर दोघीही डिचोली भागातच कामं करायला लागलो. ती डावखुरी. कुठल्याही मशीनवर बसली की माऊस उचलून डावीकडे ठेवायची आणि जाताना परत उजवीकडे ठेवायला हमखास विसरायची. गिऱ्हाइकं रागवायची नाहीत, उलट हसून सांगायची, “आरती येऊन गेली वाटतं.” तिला लोक नारळ द्यायचे, फणस द्यायचे, चतुर्थीला घरी बोलवायचे. मला वीस वर्षांत कुणी साधा फणस दिलेला नाही. लग्न होऊन ती पेडण्याला गेली तरी इकडची कामं स्कूटरवरून येऊन करायची. दोन वर्षांपूर्वी मोपाच्या विमानतळावर नोकरी लागली तेव्हा कुठे तिने ती सोडली. मी त्या दिवशी गोड केलं होतं, नवऱ्याला कारण सांगितलं नाही.

आता तिची एक सवय. ज्यांना या कामातलं माहीत नाही त्यांच्यासाठी — ड्रायव्हर म्हणजे मशीनच्या एकेका भागाचं विंडोजशी बोलणं करून देणारा छोटा प्रोग्राम. साऊंडचा वेगळा, प्रिंटरचा वेगळा. नेट असेल तर बहुतेक आपोआप उतरतात. नेट नसेल तर ते तुमच्या खिशात असावे लागतात. मी माझे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन जायची आणि काम झालं की परत घेऊन यायची, मशीनवर काही मागे ठेवायची नाही. म्हणजे पुढच्या वेळी गिऱ्हाईक मलाच बोलावणार! आरती उलटी. काम झालं की त्या मशीनचे सगळे ड्रायव्हर D ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवायची, सोबत कुठला आधी घालायचा त्याची टेक्स्ट फाइल. फोल्डरचं नाव — ‘पुढच्यासाठी’.

हे नाव दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढचं कोण? मीच ना! मला कशाला तुझी मेहरबानी? तीन ठिकाणी मी तिचा तो फोल्डर उडवला होता. उघडूनही न बघता. एका शाळेत, एका फोटो स्टुडिओत आणि एका दूध सोसायटीत. कुणाला पत्ता नाही, असं मी धरून चालले होते.

आता गावस सरांकडे येते. सर सुर्ल्याला राहतात, मराठीचे रिटायर शिक्षक, नऊ वर्षांपूर्वी दृष्टी गेली. त्यांचा कॉम्प्युटर त्यांना सगळं वाचून दाखवतो. बाण दाबला की एक ओळ बोलतो, असा प्रोग्राम आहे त्यात. आवाज नाकातला, यांत्रिक, पण सरांचे डोळे म्हणजे तोच. गावच्या जत्रेला दरवर्षी सर नाटक लिहितात. गेल्या वर्षी नाटक लिहून झालं आणि नेमकं मशीन अडकायला लागलं. दर दोन मिनिटांनी बंद. संध्याकाळी पाच वाजता तालमीला मुलं येणार होती आणि तिसरा अंक सरांना अजून एकदा ऐकून दुरुस्त करायचा होता.

मी साडेदहाला पोचले. सून कामावर गेलेली, सर एकटेच. घर खाणीच्या जुन्या मातीच्या ढिगाऱ्याखाली खोलात आहे, मोबाईलला रेंजची एक काडी येत नाही, आणि घरात नेट नाही. मी बसून टाइप करायला लागले तर सर हसून म्हणाले,

“तुझो हात जड पडता गो, सुषमा. आरतीचो आयकूंक पसून येना.”

माझी बोटं म्हणे जड पडतात आणि तिची ऐकूसुद्धा येत नाहीत! मी “हो का सर,” एवढंच म्हटलं. पुढच्याच मिनिटाला D ड्राइव्ह उघडला आणि समोर — ‘पुढच्यासाठी’.

खरं सांगते, मनात काही आलं नाही. सरांची नाटकाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तो फोल्डर कायमचा डिलीट केला, आणि मग C आणि D दोन्ही फॉरमॅट केले. माझ्याकडे चाळीस मशीनचे ड्रायव्हर होते. तिची गरजच काय होती?

विंडोज चढलं. वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला. नाटकाची फाइल परत D वर ठेवली. सगळं झालं… फक्त आवाज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साऊंडवर पिवळं चिन्ह. माझ्याकडचे एक-एक करून सगळे साऊंड ड्रायव्हर घालून बघितले, एकही बसेना. मदरबोर्ड जुना, भलत्याच कुठल्यातरी कंपनीचा. आमच्या धंद्यात नवखी पोरं ही चूक करतात, डेटाचा बॅकअप घेतात आणि ड्रायव्हरचा विसरतात. मी तर विसरलेही नव्हते, हाताने पुसला होता.

सर कीबोर्डवर बाण दाबत बसले होते. दाबायचे, कान द्यायचे, परत दाबायचे.

“कांयच उलयना गो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने अगदी हळू, “दुसऱ्यांदा कुड्डो जालों हांव.” मशीन काहीच बोलत नाही, दुसऱ्यांदा आंधळा झालो, असं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना म्हटलं, सर, वर सड्यावर जाऊन रेंज मिळते का बघते, मोबाईलवर ड्रायव्हर उतरवून आणते. बारा वाजले होते. स्कूटर काढली आणि चढ चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर गेले. रेंज मिळाली पण कंपनीच्या साइटवरून त्या जुन्या बोर्डचे ड्रायव्हर काढून टाकलेले. बाकीच्या साइटवर व्हायरसशिवाय काही नव्हतं. उन्हात एका काजूच्या झाडाखाली पाऊण तास बसले. आरतीचा नंबर दोनदा उघडला… आणि दोनदा बंद केला. तिच्याकडे ड्रायव्हर मागायचा म्हणजे तो पुसला कुणी हेही सांगावं लागलं असतं. सरांचं नाटक राहिलं तरी चालेल पण ते नको — हो, असंच वाटलं मला.

एकच्या सुमारास हात हलवत खाली आले. अंगणात स्कूटर लावतेय तर आतून तो नाकातला आवाज.

“दोन. रीस्टार्ट करणे.”

मी तशीच उभी राहिले.

“तीन. मग साऊंड घालणे.”

आत गेले. सर खुर्चीत बसून बाण दाबत होते, चेहरा खुललेला. माऊस कीबोर्डच्या डावीकडे होता.

सरांनी परत बाण दाबला आणि तो आवाज बोलला, “सुषमा, पुसण्याआधी तुझ्याकडे कॉपी करून घे. लागेल.”

“सर… हे कुणी घातलं?”

“तुझी इश्टीण आयिल्ली मगो! ‘सर, सुषमा वयर गेल्या, तोवर हांव करतां’ म्हळें तिणें. धा मिंटां बसली आनी गेली. पाणी दितां म्हळें तरी राविना.” माझी मैत्रीण येऊन, दहा मिनिटं बसून, पाण्यालाही न थांबता गेली म्हणे. मग मान माझ्याकडे वळवून, “हें ‘पुसण्याआधी’ कितें गो?”

“काही नाही सर. आमच्या कामातलं आहे.”



मी D उघडला. दोन फोल्डर. एक मी ठेवलेलं नाटक, दुसरा ‘पुढच्यासाठी’. तयार झाल्याची वेळ त्याच दिवशीची, दुपारी बारा चाळीस. त्या मशीनचा सीडी ड्राइव्ह कधीचा मोडलेला आहे. पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्याबरोबर सड्यावर. सरांना ड्रायव्हर घालता येत नाही. आणि सरांच्या घराकडे यायचा रस्ता एकच, सड्यावरून उतरणारा, मी त्याच्या कडेला बसले होते. आरतीची स्कूटर मी झोपेतही ओळखेन.

पाच वाजता तालीम झाली. मी मात्र घरी जाऊन आरतीला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“आज सुर्ल्याला आलेलीस?”

“हांव खंय येतलें गो? सकाळसून ड्यूटीर आशिल्लें. फोनूय लॉकरात.” सकाळपासून मोपाला ड्यूटीवर होती म्हणे. मग काळजीने, “सर बरे आसात मगो?”

मी सगळं सांगितलं. शाळा, स्टुडिओ, दूध सोसायटी, आज सकाळचं, दुपारची ती ओळ, सगळं.  

“म्हाका खबर आशिल्लें गो,” ती म्हणाली. तिला माहीत होतं. “ती वळ चार वर्सां आदीं बरयिल्ली.”

म्हणजे ती ओळ चार वर्षं तिथे होती. मी एकदा फोल्डर उघडला असता तर दिसली असती. फोल्डर परत आला कसा, याबद्दल ती एवढंच म्हणाली की दुपारी जेवताना डावा हात बधिर झाला होता. ती सहज बोलून गेली आणि मीही तिथेच सोडलं.

आपल्यातल्या जाणकारांनी डेटा रिकव्हरी, पुसलेली फाइल परत दिसणं वगैरे सांगायच्या आधीच सांगते — ते सगळं मला येतं, माझा धंदाच तो आहे. आपोआप काही होत नाही. मला कारण सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असं वाटतही नाही.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज परत गेला होता. “ये गो,” म्हणाले, आणि मग जरा संकोचून, “येवन मात्शी सड्यार वचून बस.” म्हणजे मी येऊन दुरुस्त करायचं नव्हतं, नुसतं वर जाऊन बसायचं होतं! एवढी चीड आली. तरी गेले. सर मागच्या पडवीत झोपाळ्यावर बसले आणि मी सड्यावर जाऊन तासभर त्याच काजूखाली बसले. खाली येऊन पाहिलं तर माऊस उजवीकडे, मशीन गप्प. कुणी आलं नव्हतं.

मग मी D वरचा तो फोल्डर उघडला. एक, दोन, तीन. जमेल तितक्या हलक्या हाताने. पंधरा मिनिटांत मशीन बोलायला लागलं.

पडवीतून सरांनी हाक मारली, “आयली ती?”

‘नाही सर, मी केलं’ हे अगदी जिभेवर आलं होतं. वीस वर्षांचं साचलेलं होतं ते. मी माऊस उचलून डावीकडे ठेवला.

“हो सर. येऊन गेली.”

झोपाळा थांबला. 

“बरें,” ते म्हणाले. “पूण तिचो हात आज मात्सो जड पडलो.”