तपासणाऱ्याची सही

देवरेकाकांच्या गळ्यात काळ्या गोफात ओवलेला एक पेन ड्राइव्ह असायचा. भाजी आणताना, देवळात जाताना, लग्नाच्या पंगतीत बसतानासुद्धा. त्र्यंबकेश्वरच्या रांगेत एका पोलिसानं तो बोटांत धरून विचारलं, "हे काय?" तर काका म्हणाले, "ऑपरेटिंग सिस्टिम. तुमच्या चौकीतलं मशीन हळू चालतं का?" कुणाकडेही गेले की पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत त्यांचा प्रश्न ठरलेला: "तुमचं मशीन किती मिनिटांत उठतं?" बहुतेकांची मशीनं निवांत उठणारी. मग काका बाह्या सरसावत. सिडकोतल्या आमच्या इमारतीत त्यांना 'लिनक्सकाका' म्हणत, आणि ते जिन्यात दिसले की दोन-तीन घरांची दारं हळूच लागत.

माझं दार उघडं राहिलं ते नाइलाजानं. मी घरून भाषांतराची कामं करते. तेव्हा माझा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घेई, की तोवर माझा चहा होई आणि पिऊनही होई. काकांनी तो मांडीवर घेतला. आधी माझ्या सगळ्या फायलींची प्रत काढली, ती उघडते का ते माझ्याकडूनच बघून घेतलं, आणि मगच जुनं विंडोज पुसून पेन ड्राइव्हमधलं लिनक्स टाकलं. तासाभरात मशीन टुणकन उठायला लागलं. मी म्हटलं, "आणि हे फुकट?"

"फुकट हा त्यातला किरकोळ भाग," काका म्हणाले. "हे उघडं आहे. आतली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक फाइल. मेनू कुठे हवा, अक्षर केवढं हवं, सगळं तिथे लिहिलेलं. आणि जे उघडता येतं ते दुरुस्त होतं."

हे शेवटचं वाक्य मी पुढे शंभरदा ऐकलं. मिक्सर, गळका नळ, समोरच्यांचं भांडण, सगळ्याला ते एकच औषध लावायचे. समोरच्यांनी मात्र त्यांना सरळ हाकलून दिलं होतं.

काका मूळचे बागलाणातले. सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात गेली. तिथली एक शिस्त त्यांनी घरी आणली होती. त्यांच्या संगणकात कसलाही बदल केला, की शंभर पानी वहीत त्याची नोंद व्हायची. पट्टीनं आखलेले रकाने: क्रमांक, बदल, कारण, करणारा, तपासणारा. करणारा आणि तपासणारा एकच माणूस चालत नसे. "दोन्हीकडे एकाचीच सही असली की आमच्याकडे ड्रॉइंग परत यायचं," ते म्हणत. माझं मशीन नीट केल्याच्या मोबदल्यात त्यांनी मला तपासणारी नेमलं. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

बदल सगळे सिंधूकाकूंसाठी असत. काकू पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांत मास्तरीण होत्या. निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. समोरच्याचं तोंड धूसर आणि कानाजवळची भिंत स्पष्ट, असं त्यांना दिसे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की हे थांबणार नाही. काका तिथून थेट घरी आले आणि अक्षर मोठं करायला बसले.

काकूंच्या नोकरीतल्या वह्या होत्या. त्यांत वर्गातल्या एकेका मुलाबद्दल चार-चार ओळी लिहिलेल्या. ती शाई काही मोठी होत नाही म्हणून काकांनी दोन बोटांनी त्या सगळ्या वह्या संगणकात उतरवल्या. रोज दुपारी तीनला काकू खुर्चीत बसत आणि मोठ्यानं वाचत: "जानकी. इयत्ता दुसरी. ओहोळ ओलांडून येते, दप्तर डोक्यावर. सोमा. आईबाप द्राक्षाच्या कामाला गेले की शाळा बंद. परत आला तेव्हा बाराखडी विसरला होता, गुणाकार नाही." मशीनकडून वाचून घ्यायची सोय काकांनी करून दिली होती, पण काकूंनी तो आवाज एकदाच ऐकला. "माझ्या पोरांची नावं त्याला घेता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि वाचणारी मी आहे ना अजून? दुसऱ्यानं वाचलेलं मला नको. ज्या दिवशी मला वाचता येणार नाही, त्या दिवशी मी संपले असं समजा."

काकांनी ते अक्षरशः तसंच घेतलं. काळ्या पडद्यावर पिवळं अक्षर आलं. मग ते जाड झालं. पडद्यावरचे मेनू, घड्याळ, चित्रं, सगळं एकेक करून गेलं, कारण काकूंना त्याचा अडथळा व्हायचा. सगळा कीबोर्ड मुका करून एकच कळ जागी ठेवली, आणि ती दाबली की पुढची ओळ यायची. मग ओळीऐवजी शब्द यायला लागला. दर बदलानंतर काका खुर्चीमागे उभं राहून त्यांच्या अहिराणी बोलीत विचारत, "दिखस का वं?" आणि काकू म्हणत, "दिखस."

यानंतर माझी पाळी. तपासणीचा नियम काकांनी मला पहिल्याच दिवशी बजावला होता. "ओळखीचं काही वाचायला द्यायचं नाही. ओळखीचं असलं की डोळा न बघताच हो म्हणतो. आमच्याकडे अशानं किती चुका सुटायच्या." म्हणून मी त्या दिवशीच्या बातमीतल्या दोन ओळी टाकायचे, काकू वाचायच्या, आणि मी वहीत 'वाचता येते' लिहून सही करायचे.

तिसाव्या-एकतिसाव्या बदलाच्या वेळची गोष्ट. काका चहा ठेवायला आत गेले होते. मी चांदवडच्या कांद्याची काहीतरी बातमी लावली. पडद्यावर एकच शब्द, माझ्या तळहाताएवढी अक्षरं. काकू पुढे वाकल्या, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, "वैशाली, हे नको. माझं पान लाव."

मी लावलं. काका कप घेऊन बाहेर आले तेव्हा काकू खणखणीत आवाजात वाचत होत्या. जानकी, ओहोळ, दप्तर. प्रत्येक शब्दाला कळ दाबत होत्या, मध्ये एकदा कळ दोनदा दाबली जाऊन पडद्यावरचा शब्द पुढे निघून गेला तरी वाचन काही चुकलं नाही. काकांनी वही माझ्यापुढे धरली. मी 'वाचता येते' लिहिलं आणि सही केली. मला माझीच लाज वाटली, पण दुसरं काय लिहायला हवं होतं ते मला आजही सुचत नाही.

पुढचे पाच-सहा बदल मी असेच पास केले. मग काकांनी लिनक्सची नवी आवृत्ती टाकायचं काढलं. चालत्या मशीनला हात लावू नये असं इतरांना सांगणारा हा माणूस, पण नव्या आवृत्तीत अक्षर याहून मोठं करता येतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दुपारी मला वर बोलावलं. मी गेले तेव्हा मशीन चालू होतं, आतला पंखा फिरत होता आणि पडदा ठार काळा होता. काका टेबलामागच्या वायरी तपासत होते. तेवढ्यात तीन वाजले. काकू भिंतीला हात लावत आल्या, खुर्चीत बसल्या, कळ दाबली.

"जानकी," काकूंनी सुरुवात केली. "इयत्ता दुसरी."

काका वाकलेले होते, ते तसेच राहिले. मग सावकाश उठले आणि नेहमीच्या जागी खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. काकू वाचत होत्या. त्या काळ्या पडद्यात मला काकूंचं तोंड दिसत होतं, आणि वर काकांचं.

"दिखस का वं?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीचा होता.

"दिखस," काकू म्हणाल्या. "आज चांगलं मोठं शे."

काकांनी वही काढली. पट्टी घेऊन रेघ मारली. 'बदल: अक्षर आणखी मोठे. कारण: मागणीनुसार.' खाली सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. मी सही केली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, पडदा नीट होईल ना? तुम्हाला काय, एखादी फाइल उघडायची."

"कुठली फाइल तेही ठाऊक आहे मला. दहा मिनिटांचं काम," ते म्हणाले. कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले. "पण पडदा उजळला तर मी पुन्हा खरंखुरं विचारणार, आणि तिला पुन्हा डोळे ताणून बघायला लागणार. राहू दे. बाकी सगळं उघडून बघितलं गं मी. ते डोळे तेवढे उघडून देत नाही कुणी."

त्या दिवसानंतर त्यांनी कुणाच्याही मशीनला हात लावला नाही. पेन ड्राइव्ह गळ्यातून गेला. जिन्यात भेटले तर माझा लॅपटॉप कसा आहे एवढंही विचारत नसत, आणि ज्यांनी दारं लावली होती ती माणसं आपणहून मशीन घेऊन आली तर "नव्याला दाखवा कुणाला तरी" म्हणून परत पाठवत. दुपारी तीनला मात्र न चुकता मशीन सुरू करून ते खुर्चीमागे उभे राहायचे. वरून काकूंचा आवाज यायचा, जानकी, सोमा, आणि शेवटी काकांचा तो प्रश्न. सात महिने हे चाललं. मग एका सकाळी काका दूध घेऊन जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. खुर्ची टेबलापासून लांब, भिंतीशी सरकवलेली होती.

"हे मशीन घेऊन जा तू," त्या म्हणाल्या. "मला काही उपयोग नाही त्याचा. त्याचा पडदा केव्हाच गेलाय."

मी त्या काळ्या पडद्याकडे बघितलं.

"उजेड तेवढा कळतो मला अजून. त्या दिवशी बसले आणि समोर उजेडच नव्हता. पण हे मागे येऊन उभे राहिले, मग मी वाचत सुटले. इतकी खटपट केली होती माणसानं." पदरानं त्यांनी टेबलाची कड पुसल्यासारखं केलं. मग माझ्या आवाजाच्या अंदाजानं मान वळवली. "त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही ना गं, मला काही दिसत नव्हतं ते?"

टेबलावर वही होती. तिच्यात पट्टीनं आखलेली पुढची ओळ कोरी होती.

"नाही, काकू," मी म्हणाले. "नाही कळलं."

"मग बरं," काकू म्हणाल्या, आणि मशीनची वायर काढायला हातानं भिंत चाचपू लागल्या.