बांधावर बसलेला वैमानिक

ओरत्तनाडूजवळच्या आमच्या कापलेल्या शेतात टपालाचं विमान उतरलं, तेव्हा सगळा गाव धावला. इंजिन हवेतच बंद पडलं होतं. वैमानिक मुंबईकडचा. आमची तंजावरी मराठी ऐकून तो चमकला, पण हसला नाही. कपाळावरचं रक्त बाहीनं पुसत राहिला.

"या इंजिनाची तक्रार कितीदा केली! कंपनी म्हणते, पैसे नाहीत. पगार वाढवा म्हटलं, तरी पैसे नाहीत. आणि पेपरात छापते, यंदा नफा वाढला!"

दुपारी तिरुच्चीहून कंपनीचा एजंट मेकॅनिक घेऊन मोटारीतून आला. त्यानं विमानाभोवती फेरी मारली, टपालाच्या थैल्या पाहिल्या. वैमानिकाच्या कपाळाकडे पाहिलंच नाही.

"दुरुस्ती झाली की निघा," तो म्हणाला.

"पगारवाढीचं लिहून आणा, मग निघतो."

"नोकरी जाईल. वैमानिक पुष्कळ मिळतात."

"बोलवा की," म्हणत वैमानिक बांधावर बसला. आवाज चढला नव्हता, पण मी दिलेला कॉफीचा पेला त्यानं असा आवळला होता की बोटं पांढरी पडली. असा राग मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या सकाळी एजंटानं दुसरा वैमानिक आणला. त्यानं आधी याची जखम पाहिली, हळू आवाजात काही विचारलं आणि तोही शेजारी बांधावर बसला.

एजंट ओरडून थकला. शेवटी त्यानं आमची बैलगाडी मागितली, आणि हवाई टपाल बैलांच्या मागून तंजावर स्टेशनाकडे निघालं.