रामटेके सरांची तीन मिनिटं

रामटेके सर पाखरू हातात घेण्याआधी घड्याळ बघत. पाखरू जाळ्यात आल्यापासून तीन मिनिटांच्या आत पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, कापडी पिशवीत घालून वजन करायचं आणि लगेच सोडून द्यायचं. "त्याच्या पुढं रक्तात पाखरू नाही सापडत, ताई," ते म्हणत, "आपलं भेवच सापडते." भीतीनं ताणाचं हार्मोन चढलं, की ते पाखरू एरवी कसं जगतं, अंगातली शक्ती कशावर खर्च करतं, हे कळायचं राहून जातं.

भिलाईतल्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी प्रयोगशाळेत सहायक होते. रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये ते एकटेच राहत. लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये डबा खाताना खिडकीकडे तोंड करून बसत. कोणी घरी बोलावलं तर नाही म्हणत नसत, आणि येतही नसत.

एका मे महिन्यात वसतिगृहामागच्या मेंदीच्या कुंपणात बुलबुलाच्या मादीनं तीन अंडी घातली होती. ती जाळ्यात आली आणि माझ्या चुकीनं जास्तच गुरफटली. तिला सोडवेपर्यंत वीस मिनिटं गेली. सरांनी रक्त घेतलं नाही, नुसता हात उघडला. ती घरट्याकडे वळलीच नाही. दोन दिवस सर लांब उन्हात उभे राहून वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी अंड्यांना मुंग्या लागल्या.

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. सर म्हणाले, "जाळं मी लावलं होतं, ताई. अन् ते मादी बी वाईट नाही. अंगात स्वतःपुरतीच शक्ती उरली, का शरीरच सांगते, आता पयले तू जग." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी माय घर सोडून गेली तवा मी सहा वर्षांचा होतो. मले हे आत्तापर्यंत समजलं नोतं."

बाकीचं पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. वडील स्टील प्लांटमध्ये कामाला, कॅम्प-1 या कामगारवस्तीत एक खोली, रोजची दारू आणि मार. एका सकाळी आई गोंदियाकडे माहेरी गेली, आणि नंतर तिनं दुसरं घर केलं. सरांनी तिचं नाव कधी काढलं नव्हतं. बुलबुलाच्या त्या आठवड्यात मात्र ते रजा टाकून गोंदियाच्या गाडीत बसले. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "अंगणात तांदूळ निवडून राहिली होती. मी पाणी मागतलं. पिलो अन् आलो."

आपण कोण ते सांगितलं नाही का, असं मी विचारलं.

"कावून सांगू? शांत दिसली मले ती."

त्यानंतर त्यांनी जाळं पुन्हा लावलं नाही. झाडाखाली कागद पसरून पाखरांची विष्ठा गोळा करत. हार्मोनचा माग तिच्यातही लागतो. काम फार हळू चालायचं. मुलं हसायची. त्यावरची त्यांची पीएच.डी. राहूनच गेली.

निवृत्तीनंतर ते दुर्गला, बोरसीत भाड्याच्या खोलीत राहायला गेले आणि गेल्या हिवाळ्यात थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन तिथंच वारले. त्यांच्यासाठी झालेल्या बुद्धवंदनेला आम्ही सहाजण होतो. ती संपत आली तेव्हा एक अनोळखी बाई दारात येऊन उभी राहिली. कॅम्प-1 मधल्या कोण्या नातेवाइकाकडून कळलं, म्हणाली. सरांची बहीण, वडील वेगळे, आई एक. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

"मायनं ओळखलं होतं त्याले," ती मला म्हणाली. "पाणी मागाले आला तो माझा पोरगा होता, म्हणे. मी म्हटलं, मंग थांबवलं कावून नाही? तं म्हणे, कोणत्या तोंडानं थांबवू?"

तिला भावाचा एक फोटो हवा होता. आम्ही पेटी उघडली, वह्या चाळल्या. जे फोटो सापडले त्या प्रत्येकात पाखरूच होतं. सरांचा नुसता हात दिसत होता. त्यातलाच एक तिनं पदरानं पुसला आणि बरोबर नेला.