गोरखभाऊंचे जंतू

वलवणला धरणाच्या अलीकडे एका चिक्कीच्या कारखान्यात गोरखभाऊ कढया घासायचे. पाक करणारा, चिक्की लाटणारा, कापणारा, सगळे काचेमागे उभे असतात आणि गिऱ्हाइकं त्यांचे फोटो काढतात. कढया घासणारा मागच्या अंगणात असतो. गोरखभाऊंना त्याचं काही वाटत नसे. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. ती देऊन माझं काहीही कमी होणार नव्हतं, आणि तरीही सात वर्षं मी ती त्यांना दिली नाही.

माझा स्वभाव तापट आहे. तळेगावच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि मुलं माझ्या माघारी मला ‘फोडणी’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. माझा प्रकल्पसुद्धा रागातूनच सुरू झाला. रविवारी संध्याकाळी लोहगडवाडीतून खाली उतरताना वेफर्सची पाकिटं नि प्लास्टिकचे ग्लास पायाखाली करकरायचे आणि माझं डोकं फिरायचं. मातीत काही जिवाणू असे असतात, की गोड खायला भरपूर मिळालं आणि बाकीचं पोषण कमी पडलं तर जास्तीचं ते अंगातच दाण्यादाण्यांनी साठवतात. ते दाणे बाहेर काढून सुकवले की त्यांचं प्लास्टिक होतं. हे प्लास्टिक मातीत पुरलं की मातीतलेच दुसरे जिवाणू ते खाऊन संपवतात. कारखान्यांचं गोड सांडपाणी फुकट मिळतं, तेव्हा ते या जिवाणूंना पाजावं आणि पिशव्या कराव्यात असा माझा बेत होता. आधी जिवाणू सापडायला हवे होते.

पवनानगरची भातखाचरं, धरणाचा काठ, गोठे, उकिरडे अशी त्रेचाळीस ठिकाणची माती मी तपासली. हाती काही लागलं नाही. मग एकदा स्टाफरूममध्ये चिक्कीच्या कागदाला चिकटलेला गूळ नखाने खरवडत होते, तेव्हा मनात आलं, कढयांना रोज किती गूळ चिकटत असेल, आणि तो धुऊन जातो कुठे?

“हितं,” गोरखभाऊ म्हणाले.

कारखान्यामागे उंबराखाली एक खड्डा होता. सव्वीस वर्षं ते कढयांत गरम पाणी ओतत, काथ्याने घासत आणि ते तांबूस पाणी त्या खड्ड्यात सोडत. आंबूस वास, मुंग्या, गांधीलमाश्या. मी रुमाल नाकाला लावून मधली माती घ्यायला वाकले, तर म्हणाले, “मधली नका घेऊ बाई. ह्या कडंला पानी लवकर जिरतं. हितली माती काय तरी येगळी हाय.”

त्यांनीच कडेची माती खणून चिक्कीच्या रिकाम्या बरणीत भरून दिली. त्या मातीत मला माझे जिवाणू सापडले. काळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर एकेकाचं पोट दाण्यांनी टच्च भरलेलं. दोन महिन्यांनी त्यांच्यापासून तळहाताएवढा एक पिवळसर पापुद्रा तयार झाला. जरा वाकवला की तडकायचा, पण होता प्लास्टिकचाच. मी तो पाकिटात घालून महिनाभर मिरवला. प्राचार्यांना दाखवला, शेजारच्या काकूंना दाखवला, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा दाखवला. गोरखभाऊंना दाखवला नाही.

दर पंधरवड्याला कढया धुतलेलं पाणी आणायला मी वलवणला जायची. गोरखभाऊ कॅन भरून गाडीत ठेवून द्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, “बाई, आपल्या खड्ड्यात काय हाय ते मला येकदा बघायचंय. तुमच्या त्या मशिनीतनं दिसतं म्हनत्यात.”

“या की कॉलेजात. दाखवते.”

“कवा येऊ?”

“परीक्षा झाल्या की या.”

कॉलेजात परीक्षा कधी संपत नाहीत. एकदा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आलेच. मी मीटिंगमध्ये होते. अकरापासून दोनपर्यंत ते बाकावर बसले आणि शिपायाकडे चिक्कीचा डबा ठेवून निघून गेले. चिक्की मी खाल्ली. आभाराचा फोन करायचा राहून गेला.

त्या दिवाळीत घात झाला. वीज वाचवण्यासाठी सुट्टीत विभागाचा मेन स्विच बंद ठेवावा, अशी नोटीस निघाली होती. नोटिशीवर सही माझीच होती. सुट्टीवरून आले तर फ्रीजरमध्ये पाणी साचलेलं, माझे जिवाणू गेलेले, नळ्यांमध्ये नुसती बुरशी. पुढचा निधी द्यायचा की नाही हे ठरवायला जानेवारीत दिल्लीहून दोन साहेब येणार होते. मी स्वतःची समजूत घातली, खड्डा तर आहेच. साहेबांच्या समोरच ताजी माती काढू, उलट छाप पडेल. बुधवारी घाईघाईत गोरखभाऊंना फोन केला.

“भाऊ, शुक्रवारी येतोय आम्ही. दिल्लीचे साहेब आहेत बरोबर. खड्डा बघायचाय त्यांना.”

“त्याच्यात काय बघायचं सायबांनी?”

“अहो, जंतू! लाखो जंतू आहेत त्यात. माती तपासायला नेणार आहेत.”

भाऊ म्हणाले, “बरं झालं आधी सांगितलंत, बाई.”

शुक्रवारी आम्ही उंबराखाली पोचलो तेव्हा खड्डा मला ओळखूच आला नाही. काठाचे दगड चुन्याने रंगवलेले, आतला गाळ उपसून तळ घासलेला, त्यावर ब्लीचिंग पावडरचा पांढरा थर. फिनेलच्या वासाने डोळे चुरचुरत होते. पुढे गोरखभाऊंच्या बायकोने, नंदाबाईंनी, रांगोळी काढली होती. भाऊ दोन दिवस रजा टाकून राबले होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “येक जंतू ठेवला न्हाई, बाई. तपासू द्या आता सायबांना.”

मी काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. अक्कल गहाण टाकलीत का, हे नक्की म्हणाले. सव्वीस वर्षांच्या मातीचं वाटोळं केलंत, हेही म्हणाले. मालक होते, साहेब होते, पॅकिंगच्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. नंदाबाई रांगोळीपाशी डबी हातात धरून तशाच उभ्या. गोरखभाऊ हात जोडून म्हणाले, “बाई, तुमीच म्हनला व्हता...” आणि सगळे आपल्याकडे बघताहेत असं दिसल्यावर वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मला खोटं पाडायला नको म्हणून सोडलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मी गाडीत जाऊन बसले.

आणि इथेच माझी खरी चूक आहे. ब्लीचिंग पावडर मातीत फार खोल जात नाही. वरची माती मेली तरी हातभर खाली सगळं जिवंत असतं. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवते. त्या वेळी एक फावडं मागितलं असतं, तर प्रकल्प वाचला असता आणि त्या माणसाची मानही राहिली असती. राग शांत व्हायला मला दोन आठवडे लागले. तोवर मालकांनी नसती भानगड नको म्हणून खड्ड्यावर काँक्रीट ओतून पाणी गटाराला जोडलं होतं. निधी बंद झाला. प्रकल्पाची फाइल कपाटात गेली. पुढच्या दोन महिन्यांत गोरखभाऊंचा तीनदा फोन आला. माफी मागत बसतील, रडतील, ते ऐकायची माझी तयारी नव्हती. तिन्ही वेळा नाव बघून मी फोन उलटा ठेवला.

सहा वर्षं गेली. गेल्या जुलैत पहिल्या वर्षाच्या मुलांना नेहमीप्रमाणे घराजवळची माती आणायला सांगितली. आठवडाभराने त्यातले जिवाणू वाढवून, रंग देऊन मुलं बघत होती आणि मी एकेकाच्या भिंगातून डोकावत पुढे जात होते. एका मुलीच्या भिंगावरून मला डोळा काढवेना. काळे दाणे. पोट टच्च भरलेलं.

“कुठली माती ही?”

“घरामागची, मॅडम. वलवणची.” तिच्यापुढे चिक्कीची बरणी होती. “आबा म्हणाले होते, तुम्ही कधीतरी मागाल म्हणून.”

मुलगी गोरखभाऊंची होती. नाव अपेक्षा. प्रात्यक्षिक संपल्यावर तिने सगळं सांगितलं, आणि मी बाकावर बसून ऐकलं.

त्या शुक्रवारी मी निघून गेल्यावर गोरखभाऊ संध्याकाळपर्यंत खड्ड्यापाशी बसून होते. मग उठून त्यांनी तिथे कमरेइतकं खणलं. वरची माती जळाली असली तरी खालची जळाली नसणार, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. खालची दोन घमेली माती काढून त्यांनी घरामागे नवा खड्डा करून त्यात टाकली. पुढे रोज कारखान्यातून धुण्याचं पाणी कॅनमध्ये भरून सायकलवरून आणलं. करोनात कारखाना बंद होता तेव्हा घरातला गूळ पाण्यात कालवून ओतला आणि त्यापायी नंदाबाईंची बोलणी खाल्ली. घरात फिनेलची बाटली आणायची कुणाची टाप नव्हती. बाईंना माती लागंल, एवढंच ते सांगायचे. ते तीन फोन नवा खड्डा तयार झाल्याचं सांगायला होते.

“आता कोण ओततं पाणी?” मी विचारलं.

“आई. आबा घरीच असतात. शुगरनं डोळे गेलेत. डाव्या डोळ्यानं थोडं दिसतं म्हणतात.”

त्या रविवारी मी विभागातला सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन वलवणला गेले. भाऊ पडवीत बसले होते. वाळले होते. अपेक्षाने माझं नाव सांगितल्यावर त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“आलात व्हय? झाल्या का परीक्षा?”

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

“भाऊ, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. माझं चुकलं. फोनही मुद्दाम घेतले नाहीत.”

“नुकसान झाल्यावर मानूस बोलनारच, बाई. पर तुमी जंतू म्हनला व्हता. मी म्हनलं, खायच्या वस्तूचा कारखाना, सायबांना जंतू घावलं तर टाळं लागंल. बाई आपल्याला वाचवाया सांगत्यात.”

वर्गात कुणी जिवाणूंना जंतू म्हणालं, तर मी खडू फेकून मारते. जंतू म्हणजे पोरांच्या पोटात होतात ते, फिनेलच्या बाटलीवर मारायला सांगितलेले असतात ते. वर्षभर ज्याच्या खड्ड्यावर मी मिरवत होते, त्या माणसाला मी त्या खड्ड्याबद्दल फक्त तेवढा एकच शब्द सांगितला होता. मग त्या पडवीत बसून सगळं नीट सांगितलं. जिवाणू, गोड पाणी, दाणे, प्लास्टिक. ते मान हलवत ऐकत होते.

“म्हंजे जादा झालं की अंगावर धरत्यात. म्हशीवानी.”

“अगदी तसंच.”

“आन् तेच्या पिशव्या.” ते जरा हसले. “हे तवाच सांगितलं असतं बाई, तर म्या चुन्याला हात लावला नसता.”

मी स्टुलावर सूक्ष्मदर्शक ठेवला, त्यांच्याच मातीची काच त्यात बसवली. या यंत्राच्या पोटात दिवा असतो, तो लागल्याशिवाय आत नुसता काळोख. वायर सोडवत मी भिंतीवर प्लगची जागा शोधायला वळले.

परत वळले तर भाऊ पुढे सरकून, हाताने चाचपून, डावा डोळा भिंगाला लावून बसले होते. श्वास धरला होता. नंदाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

“दिसलं, बाई,” ते म्हणाले. “लय हायेत. काळं काळं.”

प्लग अजून माझ्या हातातच होता. अपेक्षाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“हो, भाऊ,” मी म्हणाले. “लय हायेत.”