घ आणि ध

मी सोलापुरातल्या एका मराठी शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. बावीस वर्षं झाली. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना मी "लक्ष दे जरा" एवढंच सांगत आले होते. माझी मुलगी दुसरीत असताना एके दिवशी मला कळलं, की तिलाच वाचता येत नाही.

तोवर ती धडे घडाघडा म्हणायची. मी भाकरी थापत असायचे, ती ओट्याला टेकून पुस्तक धरायची. त्या दिवशी सहज वळून पाहिलं, तर ती धड्याचं शेवटचं वाक्य म्हणत होती आणि पुस्तकात भलतंच पान उघडं होतं. मी पिठाच्या हातानंच मधली एक ओळ दाखवली. "हे वाच." पहिला शब्द 'घर' होता. "ध... धर," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पुढचे तीन शब्द तिनं माझा चेहरा बघत बघतच ओळखायचा प्रयत्न केला.

मग मी प्रत्येक चुकीचा शब्द दहा वेळा लिहून घ्यायला लागले. दोन महिन्यांत तीन वह्या भरल्या. दहातले चार 'घर' बरोबर, सहा 'धर'. एका रविवारी पुस्तकच सापडेना. ते ज्वारीच्या डब्यात निघालं, आणि मी तिला मारलं. बाईंच्या मुलीला वाचता येत नाही, ही लाज त्या माराच्या मागं होती. ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

यांचं नवी पेठेत चादरींचं दुकान. रविवार म्हणून हे घरी होते. हे आतून आले, मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाले, "तिला मारू नको. मलापण असंच व्हायचं."

"असंच म्हणजे?"

"अक्षरं जागेवर थांबायची नाहीत. मास्तर छड्या मारायचे. नववीत शाळा सोडली ती त्यामुळंच की. अजूनपण पेपर वाचत नाही मी, नुसता चाळतो."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. यांना वाचनाची आवड नाही, असंच मी धरून चालले होते. मुलगी रडायची थांबली आणि तिनं यांना विचारलं, "पप्पा, तुम्हाला घ कसा दिसतो?"

आमच्या शाळेत अधूनमधून विशेष शिक्षिका यायच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्यापुढं पालक म्हणून बसले. त्यांनी मुलीला तपासणीसाठी दवाखान्यात पाठवलं, आणि तिथं डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं. त्या म्हणाल्या, "हुशारीचा प्रश्नच नाही, मॅडम. दहा वेळा लिहून घेणं तेवढं आजपासून बंद करा."

त्यांनीच सांगितल्याप्रमाणं परातीत रवा पसरून मुलगी बोटानं अक्षर काढायची आणि काढताना मोठ्यानं म्हणायची. एका आठवड्यात दोनच अक्षरं. धडा आधी मी वाचायचा, मग दोघींनी मिळून, मग तिनं एकटीनं. पुठ्ठ्याला एक खाच कापून घेतली होती, त्यातून एकच ओळ दिसायची. दुपारी हे जेवायला आले की परातीशी बसायचे. यांचं अक्षर चुकलं की ती रवा सारखा करून म्हणायची, "परत काढा. घाई नाही."

तिच्या वर्गशिक्षिकेला मी तोंडी परीक्षा घ्यायची विनंती केली. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सवलत मागितली तर बाकीचे पालक काय म्हणतील?"

"विचारतील तर माझ्याकडं पाठवा," मी म्हटलं. मनातून घाबरले होते. कुणीच आलं नाही.

आता ती आठवीत आहे. हळू वाचते, ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं. विज्ञान आवडतं, इंग्रजीचा तास नको असतो. परीक्षेला जादा वेळ मिळतो, तरी कधी कधी पेपर राहतो आणि त्या दिवशी ती जेवत नाही. हे दुकानाच्या पाट्या आता स्वतः वाचून बघतात, पेपर अजून चाळतातच. माझ्या वर्गात कुणी अडखळलं की मी आधी शेजारी जाऊन बसते. पूर्वीच्या ज्या मुलांना मी उभं करून वाचायला लावलं, त्यांतली चार-पाच तोंडं मला नीट आठवतात.

जूनमध्ये तिला नवे सर आले. मी भेटायला निघाले, तर ती म्हणाली, "मीच सांगितलंय त्यांना."

"काय सांगितलंस?"

"मला वाचायला वेळ लागतो. प्रश्न वाचून दाखवला तर उत्तर येतं."

"मग सर काय म्हणाले?"

"बरं म्हणाले." आणि ती डबा भरायला लागली.